कळलावीची हजेरी

भाड्याचं घर पाहायला गेलो तेव्हा घरमालकानं आमचं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, आडनावावरून जात काढायचाही प्रयत्न केला नाही. माझ्या हातातल्या पिशवीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "डब्यात काय आहे?"

"वांग्याची भाजी आहे, काकाजी."

"कोणी केली?"

"मीच केली."

"वांगे कुठचे?"

आता मोहाडीच्या बाजारातले वांगे कुठचे असणार? मी नवऱ्याकडे पाहिलं. माझा नवरा वरठीच्या कारखान्यात कामाला आहे, आणि त्याला जगात काहीच विचित्र वाटत नाही, ही त्याची जुनी खोड. तो शहाण्यासारखी मान हलवत उभा. काकाजींनी मला डबा उघडायला लावला, वास घेतला, एक फोड उचलून तोंडात टाकली आणि डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झोपले का काय उभ्या उभ्या! मग डोळे उघडून म्हणाले, "ठीक आहे. राहा."

असं आम्हाला घर मिळालं. मी तहसील कचेरीत कारकून, रोज शेकडो लोकांचे नमुने पाहते, पण असा नमुना पाहिला नव्हता.

काकाजी रेल्वेच्या फाटकावर होते. उभं आयुष्य फाटक लावण्यात आणि उघडण्यात गेलं. गाडी येईपर्यंत त्या गाडीची काळजी, ती गेली की पुढच्या गाडीची. पुढे नोकरी संपली, पण काळजी कुठं रिटायर होते? गाड्या राहिल्या नाहीत, म्हणून ती जेवणावर येऊन बसली. दिसायला मात्र माणूस रुबाबदार. पांढरेशुभ्र, दाट, मागे वळवलेले केस, सकाळ-संध्याकाळ खोबरेल चोपडलेले, आणि सदऱ्याच्या खिशात कायम कंगवा. या वयात असे केस मोहाडीत दुसऱ्या कोणाचे नव्हते, आणि हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. बोलता बोलता कंगवा निघायचा, एकदा फिरायचा आणि परत खिशात.

घरामागे त्यांची वाडी. बाकीचे लोक वाडीत सांबार म्हणजे कोथिंबीर, पालक, फारच झालं तर जास्वंद लावतात. काकाजींच्या वाडीत खाण्यासारखी एक गोष्ट नव्हती. कण्हेर होती, धोतरा होता, रुई होती, कुंपणावर गुंजेचा वेल होता. आणि मागच्या भिंतीला लागून, बांबूच्या काड्यांवर चढवलेली कळलावीची रांग. पावसाळ्यात ती फुलायची तेव्हा मी कपडे वाळत घालायचं विसरून पाहत राहायची. पानाचं टोक लांबून काडीला गुंडाळलेलं, आणि वर उलट्या पाकळ्यांची फुलं, खाली पिवळी, वर लाल, चुलीतला जाळ जसा वर उठतो तशी. इतकं देखणं झाड आणि त्याची मुळी खाल्ली तर माणूस मरतो! मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातला पिळलेला टॉवेल तसाच राहिला.

प्रत्येक विषारी झाडाला त्यांनी लाल कापडाची चिंधी बांधली होती. फाटकावरची सवय, दुसरं काय! लाल म्हणजे थांबा. पण गावातल्या बायांना काय माहीत? त्यांना वाटलं, नवसाची चिंधी आहे. एका मंगळवारी सकाळी पाहते तर कण्हेरीला हळदकुंकू, खाली नारळ आणि दोन बाया पदर पसरून उभ्या. काकाजी दात घासत बाहेर आले आणि तोंडातल्या फेसासकट ओरडले, "अवं, तो देव नाही! जहर आहे जहर!" एक बाई दुसरीला म्हणाली, "कडक देव दिसते." पुढच्या मंगळवारी चौघी आल्या.

दात घासून झाले की हजेरी. एका टोकापासून निघायचे, प्रत्येक कळलावीच्या काडीला हात लावायचे, खाली वाकून माती पाहायचे आणि स्वतःशीच म्हणायचे, "हजर." मग पुढची. हिवाळ्यात वेल वाळून जातो, उन्हाळ्यात तर वर काहीच राहत नाही, नुसत्या काड्या आणि चिंध्या. तरी हजेरी चालूच. एकदा मी विचारलं, "काकाजी, खाली आहे का नाही, हे वरून कसं कळतं?"

"माती सांगते. कोणी खोदली का माती सांगते."

"पण जहरच आहे तर लावता काहून? उपटून फेकून द्या ना!"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच खुळी. "फेकली तर कोणाच्या हाती लागन, माहीत आहे? जंगलातली जाते बाजारात, बाजारातली जाते कोणाच्या घरी. इथं आहे तर माह्या डोळ्यापुढे आहे."

आणि खरंच, आठवडी बाजारात जडीबुटी विकायला बसणारा एक म्हातारा होता, त्याच्याकडे कळलावीची मुळी आली की काकाजी सगळी घेऊन यायचे आणि वाडीत पुरायचे. नांगराच्या फाळासारखी वाकडी मुळी, वरून मातकट, आतून पांढरी. पाहिली तर आंबेहळदीचीच वाटावी. म्हातारा हुशार, काकाजी दिसले की पिशवीच पुढे करायचा. बाजारात लोक म्हणत, हा बुढ्ढा जहराचा कारखाना काढून राहिला का काय! काकाजी ऐकायचे, कंगवा फिरवायचे आणि घरी यायचे.

आता यावरून कोणाला वाटेल की मोठे जाणकार होते. कुठचं काय! बहुतेक वेळा चुकायचेच. माझ्या मामेसासऱ्यांची पाचक गोळी त्यांनी नालीत फेकली, ती निव्वळ हिंगाची होती. पितळी भांड्यातलं ताक पाहून त्यांनी अख्ख्या गल्लीला गोळा केलं होतं. एका लग्नात पंगत बसलेली असताना वाढप्याच्या हातातली वाटी धरून विचारलं, "वाटीत काय आहे?" वधूचा बाप लाल झाला, आमची मान खाली. वाटीत बासुंदी होती. काकाजींनी चाखली, डोळे मिटले, आणि ते डोळे उघडेपर्यंत अख्खी पंगत हातावर हात ठेवून बसली. "ठीक आहे, वाढा," म्हणाले. त्यानंतर त्यांना लग्नाच्या पत्रिका येणं कमी झालं.

आमच्या घरी तर रोजचंच. काही नवीन केलं की दारात उभे. "वाटीत काय आहे?" पहिला घास त्यांचा. आणि घास घेतल्यावर ठरलेलं वाक्य, "आता संध्याकाळपर्यंत थांबा." कोण थांबणार, बापा! ते वळले की आम्ही जेवायला बसायचो. मला मनातून राग यायचा. फुकटचं जेवतात तर जेवोत, पण वर परीक्षकाचा आव कशाला? शेजारच्या काकूंनी एकदा सांगितलं, बायको बाळंतपणातच गेली, लेकरूही गेलं, परत लग्न केलं नाही. मी "अरेरे" म्हटलं आणि विसरले. एवढ्या जुन्या दुःखाचा माझ्या वांग्याच्या भाजीशी काय संबंध?

मला दिवस राहिले तेव्हा काकाजींची काळजी दुप्पट झाली. माझी तिप्पट. रजा उशिरा मिळाली म्हणून अड्याळला माहेरी जाणं राहिलं, तेव्हा आईच इकडे आली. येताना मूग, डिंक, खारका, स्वतःची ट्रंक आणि स्वतःची मतं घेऊन आली. माझी आई म्हणजे काय सांगू! शेतात चार बायांना कामाला लावते तशी आल्या आल्या माझ्या घराला कामाला लावलं. पहिल्याच दिवशी काकाजी दारात आले आणि तिच्या लाडवाकडे बोट दाखवून म्हणाले, "यात काय आहे?"

"तुमाले कायले पाह्यजे?"

"पहिला मी खाईन."

आईचे डोळे मोठे झाले. "म्हणजे माह्या पोरीनं तुमचं उष्टं खायाचं? पोटुशी बाईनं? काही लाजबीज आहे का नाही?"

काकाजी हटले नाहीत. आईही हटली नाही. शेवटी माझ्या नवऱ्यानं एक लाडू मोडून अर्धा त्यांना दिला आणि अर्धा स्वतः खाल्ला. त्याचं ते एक बरं आहे, भांडण कुठलंही असो, तो खाऊन मोकळा होतो. आईनं मात्र त्या दिवसापासून काकाजींना नावच ठेवलं, "तो बुढ्ढा".

डॉक्टरीणबाईंनी दिलेली तारीख आली आणि गेली. पोळा झाला, बैल मिरवून आले, गेले. माझं काही नाही. पाय सुजून पायलीएवढे झालेले. रात्रंदिवस एकच विचार, आत सगळं बरं आहे ना? भंडाऱ्याला दाखवायला गेलो तर बाई म्हणाल्या, अजून थोडं थांबू, नाहीतर सिझर करू. आईनं तो शब्द ऐकला आणि तिचा चेहराच उतरला. परत येताना बसमध्ये माझा हात घट्ट धरून बसली. "पोट फाडतेत वं," एवढंच म्हणाली. तिच्या चुलतबहिणीचं सिझर झालं होतं आणि ती पुढे कधी सावरली नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. आईनं त्याचा अर्थ एकच काढला होता.

दोनतीनदा मी तिला वाडीत, मागच्या भिंतीपाशी उभं असलेलं पाहिलं. मला वाटलं, फुलं पाहते आहे.

त्या दिवशी काकाजी सकाळीच एका जुन्या सोबत्याला भेटायला वरठीला गेले. हजेरी राहिली. माझा नवरा ड्युटीवर गेलेला. आईनं माझे पाय मांडीवर घेतले, रोजच्यासारखं तेल लावलं, आणि मग एका वाटीतलं पांढुरकं, गार असं काहीतरी तळपायांना चोपडलं.

"हे काय आहे, आई?"

"आंबेहळद. सुजेवर चांगली."

मी डोळे मिटून पडून राहिले. थोड्या वेळानं तळपाय चुणचुणायला लागले. मी म्हटलं तर म्हणाली, "लागू होऊन राहिली." मग तिनं वरण-भात केला, पाट्यावर हिरव्या मिरचीचा ठेचा वाटला आणि मला ताट वाढून आणलं. भातावर ठेचा घेऊन मी पहिला घास उचलला, तोच दारात काकाजी.

धापा टाकत होते. केस विस्कटलेले, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. हातात कळलावीचा एक वेल होता, कोमेजून माना टाकलेला.

"कोणी खोदली?"

"काय खोदली?" आई म्हणाली.

"वर वेल, खाली मुळी नाही. मातीत नुसता खोचून ठेवला."

"डुकरं आले असतीन."

"डुकरं वेल परत लावून ठेवत नाहीत, बाई."

काकाजींनी माझ्या हाताकडे पाहिलं. "पोरी, घास ठेव खाली. वाटीत काय आहे?"

"ठेचा आहे, काकाजी."

"ठेव."

झालं! आईचा तोल गेला. "माह्या पोरीच्या तोंडचा घास काढता? भरल्या दिवसाच्या बाईले उपाशी ठेवता? पाप लागन!"

"मी खातो पहिले. संध्याकाळपर्यंत तिनं काही खाऊ नोका देऊ."

"खा! पोटभर खा आन् समाधान करा एकदाचं!" असं म्हणून तिनं ताट त्यांच्यापुढे आदळलं, आणि वाटीतला होता नव्हता तेवढा सगळा ठेचा त्यावर उपडा केला. तिच्या मनात काही असतं तर तिनं असं केलं असतं का? तिला वाटत होतं की पाटा धुतलेला आहे. काकाजी ओसरीत बसले आणि शेवटच्या शितापर्यंत जेवले. मिरचीनं डोळ्यातून पाणी येत होतं, तरी जेवले. मग दाराकडे तोंड करून खुर्ची टाकून बसले. मला त्यांनी बिस्किटाचा बंद पुडा आणून दिला, तोही स्वतः फोडून, वास घेऊन.

दुपार सरली. आई आत भांडी आपटत होती. मी बिस्किटं खात मनातल्या मनात त्या माणसाला शिव्या देत होते. मग पाहिलं, तर त्यांनी सदऱ्याची वरची गुंडी काढली होती आणि कपाळावरून घाम निथळत होता.

"काय झालं, काकाजी?"

"घसा जळून राहिला."

"ठेचा आहे, जळणारच," आतून आई म्हणाली, पण आवाज तिचा नव्हता.

ते उठले, ओसरीच्या कडेला गेले आणि ओकले. परत ओकले. मग खाली बसले आणि उठताच येईना. मी आईकडे पाहिलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, पांढरीफटक. तिनं पाट्याकडे पाहिलं, आणि मग माझ्या पायांकडे पाहिलं.

मी तळपाय पदरानं पुसायला लागले, हात पोचेना. पोटात लेकरू हलतं आहे का, हेही मला कळेना. "आई, काय लावलं तू? खरं सांग! काय लावलं?"

"तुह्या येळेस तुह्या आजीनं मले लावली होती," ती रडायला लागली. "तळपायाले. घटकाभरात मोकळी झाली होती मी. पोटात नाही देली वं, नुसती लावली. पाटा धुतला होता... एक पाणी मारलं होतं..."

एक पाणी! ठेचा करणाऱ्या बाईनं मिरचीचा पाटा नीट धुतला नाही तर दुसऱ्या दिवशीची चटणी तिखट लागते, हे आईनंच मला शिकवलं होतं.

शेजारच्या ऑटोवाल्याला हाक मारली ती काकाजींनीच. एका बाजूला ते, मांडीवर माझं भाताचं पातेलं धरून. दुसऱ्या बाजूला मी, मध्ये आई. नवऱ्याला फोन लावला, तो मोटरसायकलनं थेट भंडाऱ्याला निघाला. ऑटो मोहाडीच्या बाहेर पडला, दोन्हीकडे धानाच्या बांध्या हिरव्यागार, आणि एका खड्ड्यावर माझ्या कंबरेतून अशी कळ गेली की मी ओरडलेच. मुळीनं आली का भीतीनं आली, कोण जाणे. इतके दिवस जिची वाट पाहिली त्या कळेचं त्या दिवशी मला काही सुख झालं नाही.

आई सारखी म्हणत होती, "आता जावई काय म्हणतीन? लोकात नाव होईन. पोलीस येतीन." आणि मग हळूच, "डाक्तरले म्हणू, बाहेरचं काही खाल्लं. म्हणू ना, वं?"

काकाजींनी पातेल्यातून डोकं वर काढलं. ओठ सुजले होते. "बाई," ते म्हणाले, "माह्या बायकोच्या येळेस वाटी माह्या पुढून गेली. मी ओसरीत बसलो होतो. घरच्या बाया घेऊन गेल्या. मी विचारलं नाही, वाटीत काय आहे. मले वाटलं, काढा असन." त्यांना परत उलटी आली. आईनंच त्यांचं कपाळ धरलं. "मग बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं. डाक्तर विचारून राहिला, काय पाजलं? काय पाजलं सांगा. कोणी नाही सांगतलं. साऱ्यांले शरम. मले तर माहीतच नव्हतं. दोघं गेल्यावर कळलं, कळलावी पाजली होती."

त्यांनी पातेलं मांडीवर सरळ केलं.

"तुमी सांगजा," काकाजी म्हणाले. "किती होती, कुठं कुठं लावली, सारं सांगजा. पोलीस आले तर म्हणजा, या बुढ्ढ्याच्या वाडीतली होती. पण सांगजा."

मी आईला ओळखते. अड्याळात तिनं कधी कोणापुढे मान झुकवली नाही. चुकीचं माप झालं तरी म्हणणार, मापच वाकडं आहे. त्या ऑटोत मी तिच्या तोंडाकडे पाहत होते आणि मला कळांपेक्षा जास्त भीती तिच्या गप्प बसण्याची वाटत होती. ही बोलली नाही तर? माझं लेकरू, तो म्हातारा, दोघंही तिच्या एका शब्दावर लटकलेले.

दवाखान्यात गर्दी. काकाजींना स्ट्रेचरवर घेतलं, मला खुर्चीवर. तरुणसे डॉक्टर धावत आले. "काय खाल्लं यांनी?"

आईनं पदराचा बोळा तोंडात धरलेला. डॉक्टरांनी परत विचारलं. काकाजी स्ट्रेचरवरून तिच्याकडे पाहत होते, बोलायची ताकद नव्हती.

आईनं पदर सोडला. आणि मग अशी मोठ्यानं बोलली की बाकड्यावरचे सगळे लोक वळून पाहायला लागले. "कळलावीची मुळी होती, साहेब. मी खोदली. मी पाट्यावर वाटली. एवढी होती," बोटांनी माप दाखवलं, "अर्धी वाटली. पोरीच्या तळपायाले लावली, पोटात नाही देली. त्याच पाट्यावर ठेचा वाटला. तो यायनं सारा खाल्ला. पोरीनं एक घास बी नाही खाल्ला, यायनं खाऊ नाही देला. आता तुमाले पोलीस बलवाचे असन तर बलवा, पर पहिले यायले पाहा."

पोलीस आले, जबाब घेतला, काकाजींनीच नंतर "चूक झाली, कोणाचा दोष नाही" असं लिहून दिलं. पण ते पुढचं. त्या वेळी एका नर्सनं माझे पाय साबणानं घासून धुतले, आणि त्या रात्री माझं सिझरच झालं. ज्याच्या भीतीनं एवढं रामायण, तेच. आईनं त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मुलगी झाली. रडली, हातपाय हलवले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चांगली आहे. मी तरी परत परत विचारत होते, नक्की ना? नक्की ना? काकाजींची सवय मला लागली होती.

काकाजींचं मात्र कठीण होतं. त्यांना नागपूरला हलवलं. मी टाके सांभाळत पडलेली, आणि फोन वाजला की ते विसरून उठायला जायची. लेक मांडीवर होती, पण मन निम्मं तिकडे. हा माणूस गेला तर मी या पोरीकडे कुठल्या तोंडानं पाहू, असं वाटायचं. आई जेवत नव्हती. नवरा, ज्याला कधी काही वाटत नाही, तो रोज ड्युटी झाली की नागपूरला जायचा आणि येऊन एवढंच सांगायचा, "आहेत." एक दिवस म्हणाला, "आज नर्सला विचारत होते, सलाइनमध्ये काय आहे." तेव्हा आई पहिल्यांदा पोटभर जेवली.

ते घरी आले तेव्हा मी ओळखलंच नाही. डोक्यावर एक केस नव्हता. त्या जहरानं वाचलेल्या माणसाचे केस गळून जातात म्हणे. भुवयाही विरळ झालेल्या. खिशात कंगवा मात्र होता. बोलता बोलता हात खिशाकडे जायचा आणि तिथंच थांबायचा. मला पाहवत नव्हतं. आई आत गेली, ट्रंकेतून कापडाची एक पुरचुंडी घेऊन आली. त्यात उरलेली अर्धी मुळी होती.

"जाळून टाकू का?" तिनं विचारलं.

"कायले?" काकाजी म्हणाले. "द्या इकडे." आणि वाडीत जाऊन तिच्या जागी पुरली, वर काडी रोवली, चिंधी बांधली. आईनं पाटा बोडीत, गावच्या तळ्यात फेकायचं काढलं तर घाबरे झाले. "पाण्यात? मासोळ्या मरतीन!" शेवटी तो पाटाही त्यांनी रांगेच्या टोकाला उभा गाडला आणि त्यालाही लाल चिंधी बांधली. पुढच्या मंगळवारी त्याला कुंकू लागलेलं होतं. या वेळी ते काही ओरडले नाहीत.

लेकीच्या उष्टावणाला घर भरलं होतं. माझे सासरचे, माहेरचे, शेजारच्या काकू. पोरीचं जावळ तेव्हा नुकतंच दाट व्हायला लागलं होतं, आणि काकाजींच्या डोक्यावरही तसंच, मऊ, पांढरं, बोटभर. ते दारात उभे होते. आत येत नव्हते आणि काही विचारतही नव्हते. नागपूरहून आल्यापासून त्यांनी आमच्या दारात तो प्रश्न विचारला नव्हता.

आईनं खिरीची चांदीची वाटी घेतली. पोरगी माझ्या मांडीवर, तोंड उघडून तयार. आई माझ्याकडे आलीच नाही. सरळ दारात गेली आणि वाटी काकाजींपुढे धरली.

"भाऊ, पहिले तुमी."

माझी नणंद म्हणाली, "अवं मामी, उष्टं होते ना! आज उष्टावण आहे तिचं."

"होऊ दे," आई म्हणाली. वाटी तशीच धरून उभी राहिली. काकाजी वाटीकडे पाहत राहिले. "विचारा ना, भाऊ," ती म्हणाली.

काकाजींनी घसा साफ केला. "वाटीत काय आहे?"

"तांदूळ आहे, दूध आहे, साखर आहे. विलायची आहे, ते मी वाटली." मग थोडं थांबून, "पाटा नवा आहे. धुतला आहे. तीनदा धुतला."

त्यांनी चमचाभर खीर घेतली आणि डोळे मिटले. घरातलं एक माणूस हललं नाही. पोरगी कुरकुरायला लागली, मी तिला थोपटत राहिले आणि त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहत राहिले. आता म्हणतील, संध्याकाळपर्यंत थांबा. आणि त्या दिवशी मी थांबले असते, खरं सांगते.

त्यांनी डोळे उघडले आणि वाटी आईच्या हातात परत दिली.

"ठीक आहे," ते म्हणाले. "द्या तिले."